कागलच्या पुढं न गेलेली अक्षत

ताई, तुझ्या पाचव्या दिवशी बसायला आलेल्या माणसांनी मला तो किस्सा सांगायला लावला. मी नको नको म्हणत होतो, पण माझं नको नको म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक आहे. खुर्ची पुढं ओढली आणि सुरू झालो. बंधाऱ्याच्या तोंडावर आडवा झालेला उसाचा ट्रॅक्टर, उकळणारा रेडिएटर, आणि शाहूपुरीत स्पेअर पार्टचं दुकान असलेला माणूस, ज्याच्या स्वतःच्या गाडीत जॅक नाही आणि स्टेपनीत हवा नाही. जिथं हसायचं तिथं माणसं हसली. सुतकाचं घर म्हणून तोंडावर रुमाल धरून हसली. शेवटाकडं आलो तेव्हा सवयीनं माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. गेली तीन वर्षं बरोबर त्याच जागी तू उठायचीस. "चहा टाकते" म्हणायचीस आणि आत जायचीस. कुणाला चहा हवाय का, हे कधी विचारलं नाहीस.

त्या दिवशी कुणी उठलं नाही. मी वाक्य अर्धंच सोडलं. लोकांना वाटलं, भावाला गहिवरून आलं. कुणीतरी पाणी पुढं केलं आणि मी ते घटाघटा प्यालो. चोरी पकडली गेली की माझा घसा कोरडा पडतो, हे शाळेपासूनचं आहे आणि तुझ्याशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हा हे तुलाच लिहितो. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. सगळं माहीत नाही.

आधी माझं लग्न. आईची सख्खी धाकटी बहीण, गोदामावशी, चिकोडीच्या पलीकडं दिलेली. आपल्यात लांबच्यांना पत्रिका पोस्टानं गेली तरी चालते. सख्ख्या बहिणीला चालत नाही. घरच्या माणसानं तिच्या दारात जायचं, कुंकू लावायचं, तिच्या हातावर अक्षत ठेवायची आणि म्हणायचं, चार दिवस आधी चला, मूळ घेऊन आलोय. तू तेव्हाच म्हणाली होतीस, "मी जाते की एसटीनं." आई म्हणाली, "जाऊ दे त्याला. नवरदेव स्वतः गेला तर गोदीला बरं वाटेल. आणि जरा जबाबदारी कळू दे."

मला जबाबदारी कागलपर्यंत कळली. कागलच्या स्टँडवर मोटारसायकल लावून चहा घेत होतो, तर आपल्या पेठेतला एकजण भेटला. म्हणाला, "तू हितं काय करतोयस? चार वाजता फायनल हाय की." आपल्या तालमीची फुटबॉल टीम फायनलला गेली होती आणि मी, पेठेतला पोरगा, मावशीला कुंकू लावायला कर्नाटकात निघालो होतो. घड्याळ बघितलं. चिकोडीला जाऊन येईपर्यंत दुसरा हाफसुद्धा संपला असता. शेजारी एक फेटेवाले गृहस्थ आमचं बोलणं ऐकत बसले होते. ते म्हणाले, "कुठं, गोदाबाईच्यात द्यायचं हाय व्हय? द्या की पावणं, आमच्या वाटंवरच हाय." मी पत्रिका, अक्षतेची पुडी आणि साडी त्यांच्या हातात दिली. नाव विचारलं नाही. सरळ स्टेडियम गाठलं. आपली टीम टायब्रेकरवर हरली. इतकं मोठं पाप करून माझ्या वाट्याला धड एक गोलसुद्धा आला नाही.

इथवर झालं ते नुसता गाढवपणा म्हणून खपलं असतं. पण घरी येऊन आईला नुसतं "दिलं" म्हणून मी थांबलो असतो तर तो मी कसला. आई म्हणाली, "काय म्हणाली गोदी?" आणि माझी गाडी सुटली. मावशी तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सूप तसंच सोडून उठली. माजघरात नेलं, देव्हाऱ्यातला गणपती सरकवून अक्षतेला जागा केली, आणि म्हणाली, अक्काला सांग, मी आठ दिवस आधीच येणार. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण किती छान सांगतो, असं मला वाटलं.

लग्नात मावशी आली नाही. फेटेवाल्यानं पुडी कुठं ठेवली ते देव जाणे. मावशीला लग्न कळलं ते पंधरा दिवसांनी, बाजारात, तिसऱ्याच कुणाकडून. इकडं आई म्हणायची, गणपती सरकवून अक्षत ठेवली आणि आली नाही, एवढा कसला गर्व. तिकडं मावशी म्हणायची, माझ्या दारात कुत्रंसुद्धा आलं नाही. दोघींनी एकमेकींना विचारलं असतं तर दोन मिनिटांत मी उघडा पडलो असतो. पण त्या बहिणी होत्या. सव्वीस वर्षं विचारलं नाही.

मी नुसता "दिलं" म्हणालो असतो तर आईला एखाद्या वर्षानं शंका आली असती. माझ्या गणपतीनं घात केला.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. आई दवाखान्यात. डॉक्टर तुला बाजूला घेऊन म्हणाले, भेटायची माणसं असतील तर बोलावून घ्या. तू आईला विचारलंस, कुणाला बोलावू? ती म्हणाली, "गोदी." तू मावशीला फोन लावलास आणि स्पीकरवर टाकलास. मी शेजारीच होतो. मावशी म्हणाली, "फोनवर बोलवाय मी काय रिक्षा हाय, सुमे? सव्वीस वर्सामागं माझ्या दारात मूळ याचं ऱ्हायलंय. ते आधी येऊ दे. मग मी अनवाणी येतो." आणि रागाच्या भरात पुढं बरंच बोलली. विलासच्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात आमचं गावातलं घर पडलं, तवाबी कुणी बघाय आलं न्हाई, तवापसनं मळ्यात ऱ्हातोय, असं काहीबाही.

मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही. तुझ्या शिरलं.

सकाळी सहाला निघायचं ठरलं. साडेपाचला तू राजारामपुरीत घराच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभी होतीस. पिशवीत करंडा, अक्षता, नारळ आणि आईच्या कपाटातली एक नवी साडी. मी उगवलो साडेआठला. गाडी तापते हे मला पंधरा दिवस माहीत होतं. रेडिएटरचा पाइप बदलायचा होता आणि तो पाइप माझ्याच दुकानात खुंटीला टांगलेला होता. पेट्रोल वाटेत टाकू म्हणालो. तू मागं पिशवी ठेवलीस, पुढं बसलीस आणि पट्टा लावलास. तू तीन तास उभी राहून रागावली नाहीस, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

उजळाईवाडीचा पूल उतरताना तू सुरू केलंस.

"विल्या, तू मावशीकडं गेलतास तेव्हा रस्ता कसा होता?"

"कच्चा. धुरळा नुसता."

"किती वाजता पोचलास?"

"दुपारी तीनच्या सुमाराला."

"मावशी काय करत होती?"

"तांदूळ निवडत होती. सांगितलं नव्हतं का मी?"

"सांगितलं होतंस. परत ऐकावं म्हटलं."

तीस वर्षं हायस्कुलात तोंडी परीक्षा घेतलेली बाई तू. मुलगा चुकत चालला की त्याला थांबवायचं नाही, मान हलवत राहायचं, ही तुझी पद्धत. मी बोलत राहिलो आणि तू मान हलवत राहिलीस. मला घाम फुटला होता आणि मी तो गाडीच्या बिघडलेल्या एसीवर ढकलला.

कागल आलं. मी म्हणालो, हायवेचं काम चाललंय, कोगनोळीला तासभर रांग असणार, आपण डावीकडं हुपरीच्या अंगानं आत शिरू आणि बंधाऱ्यावरून नदी ओलांडू, सरळ चिकोडीला निघतो. तू म्हणालीस, "तुला कुणी सांगितलं रांग आहे?" मी म्हणालो, "मोबाइलवर दिसतंय की."

ताई, मोबाइलवर काही दिसत नव्हतं. हायवे मोकळा होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि किश्शातही हा भाग "माझा एक शॉर्टकट" म्हणून हशावर निभावून नेतो. मला उशीर हवा होता. मावशीच्या दारात मला उभं राहायचं नव्हतं. तिथं दोघी समोरासमोर बोलणार आणि सगळं बाहेर येणार. उशीर झाला तर काय होईल, याचा विचार मी केला नव्हता. आई तोवर टिकली नाही तर, असं मी मनातसुद्धा आणलं नाही. मनात न आणताही माणसाला स्टिअरिंग फिरवता येतं.

बंधाऱ्याच्या अलीकडं अर्ध्या किलोमीटरवर ट्रॅक्टर उभे होते, एकामागं एक, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. सगळ्यात पुढचा बंधाऱ्याच्या तोंडावरच आडवा झाला होता आणि ऊस रस्त्यावर पसरला होता. मागं वळायला जागा नाही, कारण आपल्या मागं आणखी दोन ट्रॅक्टर येऊन ठेपले होते. तेवढ्यात तुझा फोन वाजला. माझी बायको मंगल दवाखान्यात आईजवळ होती, तिचा. तू "हां मंगल" म्हणालीस, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "ताई, आईंचा बीपी एकदम..." आणि फोन कटला.

तू परत लावलास. लागला नाही. मी माझा लावला. सरहद्दीवर दोन्हीकडच्या टॉवरांचं काय भांडण असतं कोण जाणे, कधी इकडची रेंज, कधी तिकडची, कधी कुणाचीच नाही. तू गाडीतून उतरून फोन वर धरून शेताच्या बांधावर चढलीस. साठीची बाई, पदर खोचून. त्याच वेळी बॉनेटमधून वाफ यायला लागली.

किश्शात इथं सगळ्यात मोठा हशा असतो. मी बॉनेट उघडतो, हात भाजून घेतो, आणि ट्रॅक्टरवाला मला विचारतो, "पावणं, काय धंदा करता?" मी म्हणतो, "स्पेअर पार्ट विकतो." तो म्हणतो, "मग एकांदा घरातबी वापरत जावा की."

तो खरंच तसं म्हणाला होता. पण तेव्हा कुणी हसलं नाही. तू बांधावरून खाली आलीस, बाटलीतलं पाणी माझ्या हातात दिलंस आणि अगदी साध्या आवाजात विचारलंस, "अक्षत कुठं ठेवली होती मावशीनं?"

"माजघरात. गणपती सरकवून."

"कुठल्या माजघरात?"

"त्यांच्या."

"ते घर तुझ्या लग्नाच्या आधीच्या पावसात पडलं, विल्या. काल तुझ्यासमोर बोलली ती."

माझा घसा कोरडा पडला. हातात पाण्याची बाटली होती आणि ते पाणी रेडिएटरसाठी होतं.

मग मी सांगितलं. कागलचं स्टँड, फेटेवाला, फायनल. सांगताना टायब्रेकरच्या तिसऱ्या किकवर जरा रंग भरायला गेलो, तर तू म्हणालीस, "पुरे." तुझा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. तू हिशेब मांडल्यासारखी नदीपलीकडं बघत होतीस, मध्ये ट्रॅक्टर आणि पलीकडं कानडी पाट्या. शेवटी म्हणालीस, "आई जिवंत आहे का नाही, आत्ता आपल्याला माहीत नाही. आहे असं धरून चालायचं. गाडीत पाणी घाल."

मी म्हणालो, "मावशीला मी सांगतो. मीच तोंडानं सांगतो."

तू म्हणालीस, "आधी पोच."

ऊस उचलायला ट्रॅक्टरवाल्यांबरोबर मी आणि तूही वाकलो. रस्ता मोकळा व्हायला दीड तास गेला. बंधारा ओलांडून पलीकडं गेल्यावर एका माणसाला मी हातवारे करत, शब्द तोडत विचारलं, "चिकोडी? रस्ता?" तो शुद्ध मराठीत म्हणाला, "दुसऱ्या चौकातून उजवीकडं घ्या, साहेब." तिथं कुठंतरी रेंज आली आणि मंगलचा मेसेज आला. बीपी खाली गेला होता, औषध दिलंय, आता ठीक आहे, मावशींना घेऊन या. तू फोन मांडीवर ठेवलास आणि डोळे मिटलेस. उघडलेस ते मळ्यातच.

मावशी दारात उभी होती. या म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. सव्वीस वर्षांनी आलेल्या भाच्यांकडं ती नुसती बघत होती, आईचंच नाक, आईचीच हनुवटी. मी पुढं झालो. खरंच झालो होतो, ताई. "मावशी," एवढं म्हणालोही होतो. तू माझा दंड धरून मला मागं घेतलंस, उंबऱ्याशी गेलीस, करंडा उघडलास, तिला कुंकू लावलंस आणि म्हणालीस, "मावशी, आईची काही चूक नव्हती. अक्षत द्यायला मला पाठवलं होतं. मी आले नाही, आणि दिली म्हणून घरात खोटं सांगितलं. सव्वीस वर्षं सांगायचं धाडस झालं नाही. आता मूळ घेऊन आलेय."

मावशी म्हणाली, "तू? सुमे, तू?"

"मी."

तिनं तुझ्या हातावरच्या अक्षतेकडं बघितलं. मग ती घेतली, कपाळाला लावली आणि आत गेली. पाच मिनिटांत पिशवी घेऊन आली. चप्पल घातली नव्हती. "म्हटलं हुतं न्हवं, अनवाणी येतो," म्हणाली आणि गाडीत बसली.

परत येताना हायवेनं आलो. तासाभरात कागल मागं पडलं.

दवाखान्यात दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या. रडणं कमी, भांडणच जास्त. तू का नाही आलीस, तू का नाही विचारलंस. आईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग आला. आणि मग मावशी म्हणाली, "जाऊ दे अक्का. लेकीनं कबूल केलंय."

आईनं तुझ्याकडं बघितलं. ज्या लेकीच्या हातात तिनं घराच्या किल्ल्या, देवाची पूजा, स्वतःची औषधं दिली होती, तिच्याकडं. म्हणाली, "सुमन, तुझ्याकडून हे नव्हतं वाटलं मला."

मी पलंगाच्या पायथ्याशी शहाळं घेऊन उभा होतो. शहाळ्यात नळी घातली. हे मी केलं, ताई. त्या क्षणी मी शहाळ्यात नळी घातली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तुला विचारलं, का असं केलंस. मला वाटत होतं, भावाला वाचवलं वगैरे काही म्हणशील. तू म्हणालीस, "गाडी कोण चालवणार होतं? तुझं नाव ऐकल्यावर ती तुझ्या गाडीत बसली असती का? मला चालवता येत नाही. दुसरी गाडी बघेपर्यंत आई थांबणार होती का?" एवढाच विचार होता तुझा. मला ते ऐकून हलकं वाटलं, यातच माझी लायकी कळते. मग म्हणालीस, "मावशीपुरतं मी बघितलं. आईला तू सांग."

आई त्यानंतर सहा दिवस होती. सहा दिवस मी तिच्या उशाशी बसलो. गप्पा मारल्या, तिला हसवलं, नर्सच्या नकला केल्या. रोज दुपारी तू डबा घेऊन यायचीस, दारातून माझ्याकडं बघायचीस, मी नजर खाली घ्यायचो. तू डबा ठेवून जायचीस. आई तुझ्याशी बोलायची, पण तेवढ्यापुरतं. सहाव्या दिवशी ते तेवढ्यापुरतंही थांबलं.

आपलं भांडण त्यानंतरचं. तुझ्या स्वयंपाकघरात, तू कणीक मळत होतीस. मी म्हणालो, "मी सांगणारच होतो. आजारी माणसाला कशाला धक्का द्यायचा म्हणून थांबलो." तू म्हणालीस, "माझ्या नावाचा धक्का बसलाच की तिला." मी म्हणालो, "तू मला दारात बोलू दिलं नाहीस. मी पुढं झालो होतो." तू म्हणालीस, "व्हय. एक पाऊल." एरवी इतकं शुद्ध बोलणारी तू, चिडलीस की पेठेतलं बोलायचीस. मग मी आवाज चढवला. आई गेली, आता काय उपयोग, असं म्हणालो. तू परातीत हात तसेच ठेवून म्हणालीस, "मावशी आहे." दारावर कुणीतरी आलं आणि भांडण तिथंच राहिलं.

त्यावर मी काय केलं, तर त्याचा किस्सा केला. दुकानात, लग्नात, बारशात. माझ्या किश्शात फेटेवाला पुडी हरवतो आणि सगळा दोष त्याचा असतो. शेवटी तू मावशीला कसं गोड बोलून आणलंस, तिथं टाळ्या. मावशी असेल तिथं मात्र मी हा किस्सा कधी सांगितला नाही, एवढी अक्कल होती. तू तीन भाऊबिजांना मला ओवाळलंस, तीन वेळा माझ्या आवडीची पुरणपोळी केलीस आणि किश्शाच्या शेवटाला उठून गेलीस. एकदा फक्त, सगळे गेल्यावर, कपबशा गोळा करताना म्हणालीस, "लोकांना हसवायला तुला जमतं. मला एकदा घाम फोडून दाखव बघू तुझा." मी हसलो.

आता तू जेवण झाल्यावर हात धुवायला उठलीस आणि तिथंच बसलीस, कुणाला उपद्रव नाही, कुणाला धावपळ नाही. माझ्याकडून काही ऐकायची वाट बघत बसणं तुझ्या वेळापत्रकात नव्हतं. गाडीचा पाइप मात्र मी त्याच वर्षी बदलला, हे तुला माहीत असावं.

मावशीला फोनवर कळवलं होतं. पण तुझ्या बाराव्याला तिला आणायला जायला हवं होतं, आणि मंगल म्हणाली, ड्रायव्हर पाठवू. मी म्हणालो, मी जातो. सहाला निघालो. हायवेनं गेलो.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून रडली, तुझं नाव घेत राहिली. मी जवळ बसलो. मग ती डोळे पुसत म्हणाली, "सोन्यासारखी पोर. एक चूक केली आयुष्यात, तीबी तोंडानं कबूल केली. तसलं काळीज कुणाला असतंय?"

तिथं मला गप्प बसता आलं असतं. हो म्हणून गाडीत बसवता आलं असतं. बाराव्याला वेळ होत होता, आणि गाडी मीच चालवणार होतो.

"मावशी," मी म्हणालो, "ती चूक सुमनची नव्हती. अक्षत द्यायला मी निघालो होतो."

सगळं सांगितलं. या खेपेला कशालाच रंग दिला नाही. फेटेवाल्यावर ढकललं नाही. तीन वर्षांपूर्वी तुला घेऊन येताना मी कागलहून आडवाटेला का वळलो तेही सांगितलं.

ती म्हणाली, "फुटबॉल?"

"व्हय."

"जिकला तरी का?"

"न्हाई."

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग विचारलं, "आणि अक्काला सांगितलंस?"

"न्हाई."

"सहा दिस उशाला बसून?"

मी मान हलवली. ती भिंतीचा आधार घेत उठली. मी हात दिला, तो तिनं झिडकारला. "त्या पोरीला मी तीन वर्सं मनातनं माफ करत हुतो," ती म्हणाली. "जी चूक तिची न्हाई, तिच्यासाठी." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी अंगणात गाडीजवळ उभा राहिलो. पाऊण तास. मंगलचा फोन आला, गुरुजी आलेत, निघालात का. मी म्हणालो, माहीत नाही. ऊन चढत होतं, मी सावलीला सरकलो नाही. ती येणार नाही, असं मी धरूनच चाललो होतो. ती आली नाही तर राजारामपुरीत सगळ्यांसमोर कारण सांगावं लागेल, हेही धरून चाललो होतो. शर्ट पाठीला चिकटला होता. तुला बघायचा होता तो घाम हाच असावा.

दार उघडलं. मावशी पिशवी घेऊन बाहेर आली. मी पुढचं दार उघडलं. तिनं ते बघितलंसुद्धा नाही, स्वतः मागचं उघडलं आणि बसली. निपाणी आली, गेली. एक शब्द नाही. मी दोनदा विचारलं, पाणी हवं का. खिडकीबाहेर बघत राहिली. कोगनोळीच्या पुढं रस्ता मोकळा लागला, वेळ होत होता म्हणून मी जरा दाबली.

मागून आवाज आला. "सुमे, तुझ्या भावाला सांग, गाडी सावकाश हाण म्हणावं. मला त्याच्याशी बोलायचं न्हाई."

आरशात बघायचं धाडस झालं नाही. वेग कमी केला. थोड्या वेळानं, समोर बघतच मी म्हणालो, "ताई, मावशीला विचार, एवढा चालंल का."

दूधगंगेचा पूल ओलांडून होईपर्यंत उत्तर आलं नाही.

मग ती म्हणाली, "सुमे, चालंल म्हणून सांग."